केडगांवचें मराठी बायबल, हिब्रू स्त्रीलिंग व एक अनुस्वार

पुणें-दौंड लोहमार्गावरील केडगांव जुन्या कागदपत्रांच्या शोधकांस सहसा ओढून घेत नाहीं. किल्ला, दप्तर अथवा ताम्रपट यांसाठीं त्याची ख्याति नाहीं. दत्तभक्त तेथें श्रीनारायणमहाराजांच्या बेटामुळें जातात, आणि इतर पुष्कळांस तें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळें ठाऊक असतें. परंतु ग्रंथसंग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें असें त्याचें आणखी एक महत्त्व आहे. सबंध बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून एका स्त्रीनें मराठींत आणलें, मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं त्याचे खिळे जुळविले, आणि तें याच गांवीं १९२४ सालीं छापून पुरें झालें. सदर ग्रंथाच्या निमित्तानें एका वेगळ्या प्रश्नाचा ऊहापोह करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. यहुदी परंपरेंत ईश्वराचें कांहीं स्त्रीरूप आहे काय, आणि असल्यास मराठींत उतरतांना त्याचें काय झालें, हा तो प्रश्न होय.

प्रश्न सुचण्यास कारण असें घडलें. मध्यंतरीं एका विद्वत्सभेंत एका वक्त्यांनीं, यहुद्यांची ‘शेखिना’ ती आपली ‘शक्ति’च होय, असें मोठ्या निश्चयानें सांगितलें व सभेनें टाळ्या वाजविल्या. आम्ही त्या वेळीं गप्प बसलों, याची आम्हांस अजून रुखरुख आहे. ‘शक्ति’ हा शब्द शक्, म्हणजे समर्थ असणें, या धातूपासून आला. ‘शेखिना’ हा श-क-न या त्रिवर्णी हिब्रू धातूपासून आला असून, त्याचा अर्थ राहणें, मुक्काम करणें असा आहे. शब्द बनतांना मधल्या ‘क’चा उच्चार ‘ख’कडे झुकतो एवढेंच. नुसत्या ध्वनिसाम्यावर नातीं जोडावयाचीं ठरलें तर कोणतीही भाषा कोणत्याही भाषेची मावशी ठरेल. अर्थाकडे पाहिल्यास शेखिनेचा मराठी जोडीदार ‘शक्ति’ नसून ‘वास’ हा आहे. ‘या घरांत लक्ष्मीचा वास आहे’ असें आपण म्हणतों, तो वास. परंतु ‘वास’ हा शब्द पुल्लिंगी, ‘सान्निध्य’ नपुंसकलिंगी, आणि जी एक ‘वस्ती’ स्त्रीलिंगी मिळते ती आठ-दहा घरांची! खरी अडचण येथूनच सुरू होते, आणि ती लिंगाची अडचण आहे.

हिब्रूंत लिंगें दोनच आहेत, पुल्लिंग व स्त्रीलिंग. नामाचें लिंग विशेषणांत उतरतें, क्रियापदांत उतरतें, इतकेंच नव्हे तर ‘तूं’ या सर्वनामांतही उतरतें. पुरुषास ‘अत्ता’ आणि स्त्रीस ‘अत्त’ असा भेद आहे. इंग्रजींत क्रियापदावरून कर्त्याचें लिंग कळत नाहीं. मराठींत व हिब्रूंत तें कळतें. म्हणून या दोन भाषांमध्यें इंग्रजी मध्यस्थ म्हणून उभी राहिली कीं मूळचें लिंग वाटेंत गळून पडण्याचा धोका असतो. ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल.

आतां ज्या शब्दांमुळें हा विषय उत्पन्न झाला ते पाहूं. पहिला शब्द ‘रूआह’, म्हणजे वारा, श्वास, आत्मा. हा शब्द क्वचित् पुल्लिंगी आढळतो, पण बहुतेक ठिकाणीं स्त्रीलिंगीच येतो. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायांत ईश्वराची ही रूआह जलांवर तरंगत आहे, आणि त्या ठिकाणचें ‘मेरहेफेत’ हें क्रियावाचक रूप स्त्रीलिंगी आहे. हाच धातु अनुवादाच्या ३२व्या अध्यायांत पिलांवर पंख हालविणाऱ्या गरुडाकरितां आला असल्यामुळें, सृष्टीच्या आरंभीं एक पक्षिणी अंडीं उबवीत आहे असें चित्र कांहीं टीकाकारांनीं रंगविलें आहे. चित्र सुंदर आहे, यांत शंका नाहीं. मात्र त्या गरुडाचें क्रियापद पुल्लिंगी आहे, हें चित्रकार सांगावयास विसरतात.

संस्कृत शिकलेल्यास येथें पाय जपून टाकण्याची संवय असते. ‘दार’ हा शब्द पुल्लिंगी व नित्य बहुवचनी, ‘भार्या’ स्त्रीलिंगी आणि ‘कलत्र’ नपुंसकलिंगी. घरांतील बाई मात्र एकच. तटः, तटी, तटम् हीं तिन्ही एकाच नदीकांठचीं नांवें, आणि त्यांवरून शब्दाचें लिंग म्हणजे वस्तूचें लिंग नव्हे हा विचार पतंजलीच्या काळापासून चालत आला आहे. हिब्रूंतही याचें उत्तम उदाहरण आहे. दया या अर्थाचा ‘रहमीम’ हा शब्द व्याकरणानें पुल्लिंगी बहुवचन. परंतु तो ‘रेहेम’ या शब्दाशीं संबद्ध आहे, आणि रेहेम म्हणजे गर्भाशय. आईची पोटांतील माया पुल्लिंगी शब्दांत बसली आहे. मुंबईंतील मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनीं, म्हणजे बेने इस्राएलांनीं, १७९६ सालीं बांधलेल्या पहिल्या प्रार्थनामंदिराचें नांव ‘शाअर हारहमीम’, म्हणजे दयेचें द्वार, असें आहे. हे लोक मंदिरास मशीद म्हणत, आणि रेल्वेच्या मशीद बंदर स्थानकाचें नांव याच जुन्या मशिदीवरून पडलें असें सांगतात. तेव्हां रूआह स्त्रीलिंगी म्हणून ती देवी, आणि रहमीम पुल्लिंगी म्हणून त्यांत आई नाहीं, असे दोन्ही निष्कर्ष सारखेच कच्चे होत.

दुसऱ्या शब्दाची गोष्ट निराळी आहे. ‘होख्मा’, म्हणजे ज्ञान अथवा शहाणपण, हाही शब्द स्त्रीलिंगी. पण नीतिसूत्रांच्या कर्त्यानें त्या लिंगावर न थांबतां त्याची व्यक्तीच उभी केली आहे. ती वेशीपाशीं, चवाठ्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांस हाका मारते. आठव्या अध्यायांत ती स्वतःच्या तोंडानें सांगते कीं, डोंगर आणि झरे होण्यापूर्वीं आपण ईश्वरापाशीं होतों. नवव्या अध्यायांत ती सात खांबांचें घर बांधते, पंगत मांडते व दासींस बोलावणें करावयास पाठविते. आणि त्याच अध्यायाच्या शेवटीं तिच्यासमोर मूर्खपणाची बाई दारांत बसलेली दाखविली आहे. सातव्या अध्यायांत तर वाचकास स्पष्ट सांगितलें आहे कीं, हिला बहीण म्हणून हाक मार. हें केवळ व्याकरण नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १२५व्या सूक्तांत वाक् अशीच स्वमुखानें आपली थोरवी सांगते, हें वाचकांस आठवेलच. साम्य आहे एवढेंच आम्ही म्हणतों. कोणी कोणापासून उसनें घेतलें असें म्हणावयास आधार नाहीं, आणि वर ज्या सभेचा उल्लेख केला तिच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाहीं.

तिसरा शब्द शेखिना. हा हिब्रू धर्मग्रंथांत कोठेंच नाहीं. त्यांतील धातु आहे, क्रियापद आहे. नाम मागाहून, अरामी भाषांतरांत व तालमुदांत येतें. तेथें त्याचा अर्थ ईश्वराचें लोकांमधील वास्तव्य एवढाच. इस्राएल लोक ज्या ज्या परदेशीं हांकले गेले तेथें तेथें शेखिना त्यांजबरोबर गेली, असें तालमुदकार सांगतात. पण ती ईश्वराहून वेगळी कोणी स्त्री आहे असें ते मानीत नाहींत. तें रूप तिला पुढें कब्बालापंथी गूढवाद्यांनीं दिलें. बाराव्या शतकांत दक्षिण फ्रान्सकडे प्रकट झालेल्या ‘बाहीर’ ग्रंथांत त्याचा आरंभ दिसतो, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनांत पुढें आलेल्या ‘जोहार’ ग्रंथांत तें पूर्णतेस जातें. ईश्वराच्या दहा प्रकाशतत्त्वांपैकीं शेवटलें तत्त्व म्हणजे शेखिना. ती राणी, वधू, कन्या आणि खालच्या जगाची माता. ती आपल्या पतीपासून दुरावून वनवासांत आहे, आणि मनुष्याच्या प्रत्येक धर्मकृत्यानें त्या दोघांचें मीलन जवळ येतें, अशी त्या पंथाची श्रद्धा. म्हणून कित्येक धर्मकृत्यांच्या आरंभीं ‘ईश्वर व त्याची शेखिना यांच्या ऐक्यासाठीं’ अशा अर्थाचा संकल्प म्हणण्याचा प्रघात पडला. आपल्याकडील संकल्पाची ज्यांस संवय आहे त्यांस यांत परकें कांहीं वाटणार नाहीं. सोळाव्या शतकांत गालीलांतील सफेद या गांवीं या पंथाचें मोठें केंद्र झालें, आणि तेथील शलोमो अल्काबेत्स यानें रचलेलें शब्बाथाच्या स्वागताचें गीत जगभरच्या यहुद्यांनीं उचललें. शुक्रवारच्या सायंकाळीं तें म्हणतांना शेवटच्या कडव्यास सर्व मंडळी दाराकडे तोंड फिरवितात, कारण नवरी दारांतून यावयाची असते. शब्बाथ ही नवरी, शब्बाथ ही राणी. आणि तिच्या आड शेखिना.

हा इतिहास काळाच्या क्रमानें लावून दाखविण्याचें श्रेय मुख्यत्वें गेर्शोम शोलेम (१८९७–१९८२) या पंडितास आहे. राफाएल पताई यानें १९६७ सालीं ‘हिब्रू देवी’ याच नांवाचा ग्रंथ लिहून त्यापुढें जाऊन असें मांडलें कीं, यहुद्यांत देवीची उपासना कधींच समूळ नष्ट झाली नव्हती. एवढें मोठें विधान आम्ही करणार नाहीं. तथापि जमिनींतून निघालेला पुरावा दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. योशिया राजानें यरुशलेमच्या मंदिरांतून अशेरा बाहेर काढून जाळली, आणि तेथें स्त्रिया अशेरेसाठीं वस्त्रें विणीत असत, असें २ राजे यांतच लिहिलें आहे. यिर्मयाशीं भांडणाऱ्या बायका तर त्यास तोंडावर सांगतात कीं, आकाशराणीस पोळ्या भाजून वाहणें बंद केलें तेव्हांपासूनच आमचें वाईट झालें. १९७५-७६ सालीं सिनाईच्या ओसाड प्रदेशांत कुंतिल्लेत अज्रूद येथें इसवी सनापूर्वीं ८००च्या सुमारचे रांजण निघाले. त्यांवर यहोवा व ‘त्याची अशेरा’ यांच्या नांवें आशीर्वाद लिहिलेले आहेत. ही अशेरा देवी कीं पूजेचा लांकडी खांब, यावर विद्वानांचा वाद आहे, आणि तो वादही व्याकरणाचाच आहे. कारण हिब्रूंत विशेषनामास ‘त्याची’ असा सर्वनामप्रत्यय सहसा लागत नाहीं. ईजिप्तांतील एलिफंटाइन बेटावरील यहुदी वसाहतीच्या इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांतील कागदांत ‘अनत-याहू’ असें एक दैवतनामही आढळतें.

आतां केडगांवाकडे वळूं. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या लक्ष्मीबाईंनीं मुलीस. म्हणजे रमाबाईंची विद्या आईच्या मुखांतून आलेली. १८७८ सालीं कलकत्त्यास त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढलें, तें पुढील वर्षीं पुण्यास आलें. आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून आणलेल्या निराधार मुलींसह केडगांवचें मुक्तिसदन वाढीस लागलें. सरस्वती ही पदवी धारण करणाऱ्या बाईनें आपल्या पहिल्या संस्थेस शारदेचें घर म्हणावें, आणि तिनेंच पुढें होख्मेनें घर बांधल्याचा अध्याय हिब्रूंतून मराठींत आणावा, हा योग आम्हांस फार हृद्य वाटतो. तो योगच, त्यावरून कांहीं सिद्ध करण्याचा आमचा आग्रह नाहीं.

त्यांच्या वेळीं मराठी बायबल उपलब्ध होतें. त्याची भाषा संस्कृतशब्दांनीं जड झाली असून ती खेड्यांतील बायकांस कळत नाहीं, आणि त्यांतील कित्येक शब्दांस हिंदु तत्त्वज्ञानाचा वास येतो, असा रमाबाईंचा आक्षेप होता. म्हणून त्यांनीं प्रौढ वयांत हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला आणि आयुष्याचीं अखेरचीं पुष्कळ वर्षें या एका कामास दिलीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. सबंध ग्रंथ छापून झाला तो त्यानंतर दोन वर्षांनीं. भागवताचे अठरा हजार श्लोक जिच्या जिभेवर होते तिनेंच संस्कृतशब्दांस दाराबाहेर ठेवावें, याचें आमच्या पिढीच्या शास्त्रीमंडळींस वाईट वाटत असे. आम्हांसही पूर्वीं वाटे. आतां वाटत नाहीं. कोणासाठीं लिहावयाचें हें त्या बाईस पक्कें ठाऊक होतें.

मात्र साध्या शब्दांचा नियम केला तरी मराठीचीं तीन लिंगें भाषांतरकारास सोडीत नाहींत. रूआहचेंच पाहा. हिब्रूंत ती स्त्रीलिंगी. ग्रीकांत ‘प्नेउमा’ नपुंसकलिंगी. लॅटिनांत ‘स्पिरितुस’ पुल्लिंगी. सिरिअकांत हाच शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळें तेथील जुने ख्रिस्ती ग्रंथकार पवित्र आत्म्याविषयीं ‘ती’ असेंच लिहीत. पांचव्या शतकापासून मात्र ते हळूहळू ‘तो’कडे वळले. मराठींत ‘आत्मा’ म्हटलें कीं पुल्लिंग. ‘वारा’, ‘श्वास’, ‘प्राण’ हेही पुल्लिंगीच, आणि ‘हवा’ किंवा ‘झुळूक’ यांस तें स्थान देण्यास कोणी धजणार नाहीं. १९०५ सालीं केडगांवच्या मुलींत जी मोठी धार्मिक जागृति झाली व जिची वार्ता परदेशांतही पसरली, तिला पवित्र आत्म्याचा वर्षाव म्हणत. त्या शेंकडों मुलींच्या तोंडीं आत्मा ‘आला’ होता. मूळ भाषेंत ती ‘आली’ असती.

होख्मेकरितां निवड अधिक मोठी आहे, पण सुखाची नाहीं. ‘ज्ञान’ व ‘शहाणपण’ नपुंसकलिंगी, ‘विवेक’ पुल्लिंगी. ‘प्रज्ञा’ स्त्रीलिंगी खरी, पण ती खेड्यांतील बाईच्या ओळखीची नव्हे. ‘बुद्धि’ स्त्रीलिंगी, पण ती आपल्या आंत असते. चवाठ्यावर उभी राहून दुसऱ्यास हांक मारणें तिचें काम नाहीं. राहिली ‘अक्कल’. ती स्त्रीलिंगी आहे व सर्वांस ठाऊकही आहे. परंतु वेशींत उभी राहून अक्कल ओरडूं लागली तर श्रोते हंसूं लागतील, रडणार नाहींत. मराठी बायबलांत ‘ज्ञान’ हाच शब्द रूढ झाला, आणि होख्मा बाईची ‘तें’ झाली. सातव्या अध्यायांत तिला बहीण म्हणावयाचें आलें कीं हा सांधा उसवतो. ज्ञानास बहीण म्हणतांना मराठी कान अडखळतो, सरस्वतीस म्हणतांना अडखळला नसता.

येथें मराठीच्या एका विलक्षण धर्माकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. जुन्या लेखनांत पुरुष ‘मी राहतों’ असें लिहितो व स्त्री ‘मी राहतें’ असें. तृतीयपुरुषीं ‘ती राहते’, परंतु ‘तें राहतें’. भूतकाळीं स्त्री ‘मी गेलें’ म्हणते. तृतीयपुरुषीं ‘ती गेली’ आणि ‘तें गेलें’. म्हणजे मराठी स्त्रीच्या तोंडचें ‘मी’ आणि नपुंसकलिंगी ‘तें’ हीं दोन्ही एकच रूप घेतात. याचा परिणाम असा कीं, भाषांतरकारानें ज्ञानास ‘तें’ करून ठेविलें तरी आठव्या अध्यायांत तें स्वतःविषयीं बोलूं लागलें कीं हुबेहूब मराठी बाईसारखें बोलतें. व्याकरणानें तें नपुंसक राहतें. ऐकणाऱ्या बाईच्या कानीं मात्र बाईच बोलत असते. इंग्रजींत किंवा हिंदींत हें घडत नाहीं.

तृतीयपुरुषांत भेद राहतो तो एका अनुस्वाराचा. ‘हांक मारिते’ म्हटलें कीं ती, ‘हांक मारितें’ म्हटलें कीं तें. उच्चारांतून हा अनुनासिक देशावर केव्हांच गेला, म्हणून १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनीं लिखाणांतूनही काढून टाकला. शाळेंतील मुलांच्या दृष्टीनें तें योग्यच झालें. आम्हीं स्वतः तीस वर्षांवर त्या नियमाप्रमाणें वह्या तपासल्या. परंतु जुना लेख नव्यानें उतरतांना तोच नियम लावला म्हणजे काय होतें, हें आमच्याच चुकीवरून सांगतों. प्रस्तुत लेख जुन्या पद्धतीनें लिहिण्याचें कारणही तेंच आहे.

बेने इस्राएल लोक कोंकणांत शतकानुशतकें तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं काम बंद ठेवीत म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. आडनांवें गांवांवरून, घरची भाषा मराठी. १८३२ सालीं पाद्री जॉन विल्सन यानें हिब्रूचें लहानसें व्याकरण मराठींत छापलें, तें मुख्यत्वें यांच्यासाठीं. पुढें यांच्यांतीलच जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थनापुस्तकांचीं मराठी भाषांतरें केलीं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत धर्मकथांवर साकी, दिंडी, ओवी अशा चालींत कीर्तनेंही होऊं लागलीं. पुण्यासही यांची वस्ती होती. १८६७ सालीं पुरें झालेलें ससून यांचें लाल देऊळ सर्वांस ठाऊक आहे, रास्ता पेठेंतील १९२१ सालचें ‘सुक्कथ शलोमो’ फारसें कोणी पाहत नाहीं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं, आणि त्यांच्या पेट्याही गेल्या. तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी त्रैमासिकही निघालें.

अशा एका पुण्याच्या कुटुंबानें, निघण्यापूर्वीं दोन दिवस, एक हस्तलिखित वही आम्हांस उतरून घेण्यास दिली. शुक्रवारच्या सायंकाळीं घरांत वाचावयाचे मराठी उतारे तींत बाळबोध अक्षरांत होते. कसर लागून पानांच्या कडा गेल्या होत्या. एका पानावर कर्त्याचें नाम कसरीनें खाल्लें होतें, पण क्रियापद ‘मारिते’ असें शिल्लक होतें. आणि त्यावर टिंब होतें किंवा नव्हतें, हें आज आम्हांस सांगतां येत नाहीं. शाळामास्तराच्या संवयीनें आम्हीं सबंध वही नव्या नियमांनीं ‘शुद्ध’ करून उतरली होती. पुढें ती वही परदेशीं ओल लागून नष्ट झाल्याचें त्या कुटुंबाकडूनच कळलें.

गेलें तें एक टिंब, पण त्याबरोबर काय गेलें तें पाहावें. टिंब असतें तर कर्ता ‘ज्ञान’, आणि तो उतारा बहुधा छापील मराठी बायबलांतून घेतलेला. टिंब नसतें तर कर्ती ‘ती’. मग ती शब्बाथराणी असो, शेखिना असो, किंवा कोणा घरच्या मनुष्यानें थेट हिब्रूवरून स्त्रीलिंगीच राखलेली होख्मा असो. पहिल्या पक्षीं त्या घराचा धर्मपाठ मिशनऱ्यांच्या छापखान्यांतून आला. दुसऱ्या पक्षीं तो त्यांच्या आपल्या परंपरेंतून आला, आणि शुक्रवारच्या संध्याकाळीं दारांतून येणारी नवरी पुण्याच्या वाड्यांत मराठी बोलत होती. आमच्या उताऱ्यावरून यांपैकीं कांहींच सिद्ध करतां येणार नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, यहुदी वा ख्रिस्ती विषयाचें जुनें मराठी बाड हातीं आल्यास तें ‘पाद्र्यांचें छापील’ म्हणून बाजूस टाकूं नये, आणि उतरतांना एकही टिंब गाळूं नये. मोडी लेखांत अनुस्वार बहुधा गाळलेलेच असतात, तेव्हां या कामीं बाळबोध लेख व १९६२ पूर्वींची छपाई हींच प्रमाण. मूळ हिब्रू कीं मध्यस्थ इंग्रजी, हें पाहण्यास कांहीं स्थळें सोयीचीं आहेत. नीतिसूत्रांचे सातवा ते नववा हे अध्याय वर आलेच. गणनेच्या ११व्या अध्यायाच्या १५व्या वचनांत मोशे ईश्वरास ‘अत्त’ या स्त्रीवाचक सर्वनामानें हांक मारतो. मोशेचें बळ स्त्रीप्रमाणें खचलें म्हणून, असें अकराव्या शतकांतील भाष्यकार राशी सांगतो, तर कांहीं वैयाकरण तें केवळ आंखूड रूप समजतात. मराठी ‘तूं’स लिंग नसलें तरी क्रियापदास असतें, तेथें ‘करतोस’वर टीप आहे काय, तें पाहावें. यशयाच्या ४०व्या अध्यायांत डोंगरावर चढून वार्ता सांगणारी ‘मवस्सेरेत’ स्त्रीलिंगी आहे.

शेवटचें स्थळ ६८व्या स्तोत्रांतलें. प्रभु शब्द देतो आणि तो जाहीर करणाऱ्यांचा समूह मोठा असतो, असा तेथें आशय आहे. हिब्रू गणनेनें हें बारावें वचन, इंग्रजी गणनेनें अकरावें. जाहीर करणारे कोण, हें १६११ च्या इंग्रजी भाषांतरावरून कळत नाहीं. १८८५ च्या सुधारलेल्या आवृत्तींत ‘स्त्रिया’ हा शब्द आला. मूळचा ‘हम्वस्सेरोत’ हा शब्द स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे, यांत कसलाही संदेह नाहीं. केडगांवीं ज्यांनीं या वचनाचे खिळे उचलून ओळींत बसविले, कागद घातला, फर्मे मोडले व पुस्तकें बांधलीं, त्या मुक्तिसदनांतल्या बायका होत्या.

केडगांवची १९२४ ची प्रत, अथवा बेने इस्राएल घराण्यांतील बाळबोध वह्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं वरील स्थळांच्या नकला टिंबांसह जशाच्या तशा उतरून मंडळाकडे धाडाव्या. कागद जीर्ण असल्यास कसर खाल्लेल्या कडांचीं मापेंही द्यावीं.